महिन्यातून एकदाच येणाऱ्या पेशंटला घरी करायला नेमकं काय द्यायचं? (स्पीच थेरपी, ग्रामीण विदर्भ)

पैनगंगा_काठ

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. आठवड्यातले दोन दिवस जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात असते. पुस्तकातली थेरपी म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, पाऊण तासाची. उमरखेड-महागावकडच्या खेड्यांतून येणाऱ्यांना ते परवडत नाही. एका फेरीत एसटीचं भाडं जातं आणि एका माणसाची रोजी बुडते. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर दोन-दोन महिने कोणी फिरकत नाही. म्हणजे खरी थेरपी आई, आजी किंवा बायकोच्या हातून, घरीच व्हायची आहे. आपल्या हातात महिन्याला अर्धा तास.

तीन प्रकारच्या पेशंटबद्दल विचारायचं आहे.

एक, अडीच ते साडेतीन वर्षांची न बोलणारी लेकरं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतून पाठवतं आणि आजी सांगते, "याचा बापबी उशिराच बोलला होता."

दोन, लकवा मारलेली माणसं. नागपूर किंवा सेवाग्रामहून सुट्टी होऊन येतात. कोणाच्या नाकात नळी असते, कोणाची नुकतीच काढलेली असते. वाचा गेलेली, आणि पाणी पिताना ठसका.

तीन, खर्र्यामुळे (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण) तोंड उघडत नाही अशी माणसं. यांत आता पंचविशीतली पोरंही दिसतात.

घरी कोणी करायचं, किती मिनिटं, काय, आणि ते नीट होतंय की नाही हे कसं ओळखायचं, इतकं नेमकं हवं आहे. "लेकराशी भरपूर बोला" याच्या पुढचं सांगा.

---

कान_आधी

ताई, घरचा अभ्यास नंतर. आधी कान. न बोलणाऱ्या प्रत्येक लेकराचा, एकही न सोडता.

"ताट वाजवलं की वळून पाहते" हे घरचे खरंच सांगत असतात, पण त्यावरून ऐकू येतं असं ठरत नाही. ताटाचा आवाज मोठा असतो, वाजवणारा हात डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि जमिनीला हादराही बसतो. मध्यम बहिरेपणाचं लेकरू ताटाला वळतं, ट्रॅक्टरला वळतं, आणि स, श, त, क हे बारीक आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. मग "ऐकते पण मनावर घेत नाही" असं म्हणता म्हणता वर्षं निघून जातात. हीच वर्षं भाषेची असतात. जन्मतः बहिऱ्या लेकरात कॉक्लिअर इम्प्लांटचा (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) सगळ्यात चांगला उपयोग साडेतीन वर्षांच्या आत होतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतही अशा लेकरांसाठी पाच वर्षांची मर्यादा आहे. साडेतीनचं लेकरू तुमच्यासमोर असेल तर "सहा महिने थेरपी करून पाहू" हे शब्दच काढू नका.

ओएई (कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद टिपणारी तपासणी) पास आली म्हणजे सुटलो असं नाही. ती आतल्या कानातल्या केसपेशींबद्दल सांगते, पुढच्या नसेबद्दल काहीच सांगत नाही. जन्मल्यावर काचेत ठेवलेलं, कावीळ इतकी वाढलेली की रक्त बदलावं लागलं, किंवा मेंदूज्वर होऊन गेलेला, असा इतिहास असेल तर ओएई पास असूनही बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का हे पाहणारी तपासणी) करून घ्या. उलट सर्दीने पडद्यामागे पाणी साचलं असेल तर आतला कान चांगला असून ओएई फेल येते. तेव्हा ईएनटीकडून पडदा पाहून घ्या, टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का याची तपासणी) करा आणि पाणी उतरल्यावर परत तपासा. आणि वाहत्या कानात लसूण टाकून कढवलेलं तेल घालणं आजच थांबवा, हे दर वेळी तोंडी सांगा.

बेराला लेकरू गाढ झोपलेलं लागतं. सगळ्यात जास्त फेऱ्या वाया जातात त्या इथंच. पहाटे उठवून आणलेलं लेकरू एसटीत दीड तास झोपून घेतं आणि मशीनजवळ टक्क जागं. घरच्यांना सांगायचं ते असं: आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, गाडीत अजिबात झोपू देऊ नका. त्यासाठी सोबत एक जास्तीचं माणूस आणा, त्याचं काम तेवढंच. दूध पाजायचं ते तपासणीच्या खोलीत पोचल्यावर. मात्र झोपेचं औषध द्यायचं ठरलं असेल तर दूध कधी बंद करायचं हे डॉक्टर सांगतील तसंच, तिथं स्वतःचं डोकं चालवू नये.

अडीच वर्षांच्या वरच्या बऱ्याच लेकरांची तपासणी खेळातून होते, पण खेळ आधी अंगवळणी पडायला हवा. आठवडाभर घरी रोज पाच मिनिटं: आईनं पाठीमागून डबा वाजवायचा, आवाज झाला की लेकराने बाटलीचं झाकण टोपलीत टाकायचं. पहिले दोन दिवस बापाने हात धरून टाकून घ्यायचं, मग हात सोडायचा. आवाज नसताना थांबून राहणं हाही खेळाचाच भाग आहे, तो शिकला तरच निकालावर भरवसा ठेवता येतो. टाकायला तुरीचे दाणे किंवा हरभरा देऊ नका, ते नाकात आणि कानात जातात.

कानाचं मशीन (श्रवणयंत्र) लागलेल्या लेकरासाठी रोज सकाळी दोन मिनिटांची तपासणी द्या. आईनं मागून, तोंड दिसणार नाही असं, साध्या आवाजात सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. आधी हातभर अंतरावरून, मग तीन पावलांवरून. प्रत्येकाला लेकराने झाकण टाकायचं. काल "स" ऐकू आला आणि आज नाही, तर सेल, मोल्ड (कानाच्या मापाचा, कानात बसणारा साचा) किंवा सर्दी, तिन्हींपैकी काहीतरी आहे. मशीन शिट्टी मारत असेल तर बहुधा मोल्ड सैल झालेला असतो, कारण लेकराचा कान वाढतो. लेकरू जितकं लहान तितका मोल्ड लवकर बदलावा लागतो, अगदी लहान बाळाचा तर काही आठवड्यांतही. शिट्टी बंद व्हावी म्हणून घरचे आवाज कमी करून ठेवतात आणि मशीन कानात असूनही लेकराला पुरेसं ऐकू जात नाही. नव्या सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेवर ठेवून मग घाला. एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत, सेलचं दार उघडं ठेवून.

---

मेळघाट_फेरी

कानाचं वर आलं आहे, त्याला पूर्ण दुजोरा. कान चांगले असतील तर पुढे.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी पाहा: नाव घेतल्यावर पाहतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, आणि आधी येत असलेले शब्द गेलेत का. दीड वर्षानंतरही बोट दाखवणं नाही, किंवा आलेली भाषा गेली, तर ऑटिझमच्या अंगाने लगेच पुढची तपासणी. "बापबी उशिराच बोलला" याला आजीसमोर खोडून काढू नका, ती दुखावली तर घरचा अभ्यासच बंद पडतो. इतकंच सांगा की दोन वर्षांच्या लेकराकडे साधारण ५० शब्द असावेत आणि "आई दे", "बाबा गेले" अशी दोन शब्दांची जोडी सुरू झालेली असावी. तीन वर्षांचं तिथवर आलं नसेल तर वाट पाहून फायदा नाही.

आता घरी काय. एका महिन्याला एकच रोजचं काम आणि पाचच शब्द. याहून जास्त दिलं की काहीच होत नाही. काम असं निवडा की जे त्या घरात रोज होतंच: अंघोळ, कोंबड्यांना दाणे टाकणं, भाकरी थापणं, शेळी बांधणं. शब्द असे की ज्यांनी लेकराला काहीतरी मिळतं: दे, अजून, ये, चल, झालं. रंग, फळं, प्राणी यांची पाठांतरं नकोत. "दे" म्हटलं की हातात काहीतरी पडतं, "पेरू" म्हटलं की नुसती शाबासकी.

कोंबड्यांचं उदाहरण घेऊ. आजी सगळे दाणे स्वतःच्या मुठीत ठेवते. चिमूटभर लेकराच्या हातात देते, ते टाकतं. मग मूठ बंद करून, लेकराच्या डोळ्यांच्या उंचीला बसून, त्याच्याकडे पाहत थांबते. मनातल्या मनात दहापर्यंत मोजते. या थांबण्यात कोणी "बोल ना, बोल" म्हणायचं नाही. लेकराने हात पुढे केला, आवाज काढला, नजर दिली, काहीही केलं तरी आजी म्हणते, "दे. दाणे दे," आणि लगेच देते. काहीच केलं नाही तरी दहा झाल्यावर "दे" म्हणून देऊन टाकते. लेकराला रडवून शब्द काढायचा नाही. असे दहा-बारा वेळा, म्हणजे पाच-सात मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. लेकरू "दे" म्हणायला लागलं की आजीने एकच शब्द वाढवायचा: "दाणे दे", "अजून दे". वाक्यं वाढवायची नाहीत.

यात बिघडतं काय? थांबणं. मोठी माणसं दोन सेकंदही थांबत नाहीत, तिसऱ्या सेकंदाला स्वतःच बोलून टाकतात. दुसरं, घरात एक मोठी बहीण असते, ती भावाच्या नजरेवरून सगळं ओळखून आणून देते. तिला रागवू नका, तिलाच थेरपीत घ्या. "तू मोजायचं" म्हटलं की ती आजीपेक्षा काटेकोर मोजते.

शिकवायची पद्धत: तुम्ही दोन मिनिटं करून दाखवा, मग आजीला तुमच्यासमोर करू द्या. ज्या बाईने तुमच्यासमोर केलं नाही ती घरी करत नाही, हे धरून चाला. जाताना त्यांच्याच फोनवर तिचाच एक मिनिटाचा व्हिडिओ काढून द्या. दर पंधरा दिवसांनी तसाच एक मिनिटाचा व्हिडिओ मागवा. त्यात लेकराआधी मोठ्यांचं थांबणं मोजा.

भाषेबद्दल. धारणीकडे घरात कोरकू, गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजूला गोंडी, तुमच्या पुसद-दिग्रसकडे बंजारा. थेरपी घरातल्या भाषेतच. "आता शाळेसाठी मराठीच बोला" हा सल्ला दिला की आई लेकराशी तुटक, येत नसलेल्या भाषेत बोलायला लागते आणि होतं तेही बोलणं आटतं. दोन भाषांमुळे लेकरू मुकं राहत नाही. पाच शब्द त्या आईकडूनच तिच्या भाषेत विचारून घ्या आणि तेच कागदावर लिहा.

तसंच उच्चार तपासताना वऱ्हाडीतल्या लेकराने "डोया", "शाया", "पानी" म्हटलं तर त्यापुढे चुकीची खूण करू नका. त्याच्या घरात सगळेच तसं म्हणतात.

मध आणि वेखंड उगाळून जिभेला चोळणं घरोघरी आहे. त्याने बोली फुटत नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे. जिभेखालचा पडदा कापून आणणारेही भेटतात. तो पडदा आखूड असेल तर अंगावर पिताना किंवा एखाद्या उच्चाराला अडचण येऊ शकते. तीन वर्षांचं लेकरू त्यामुळे अजिबात बोलत नाही असं होत नाही.

---

पैनगंगा_काठ

कोंबड्यांचं उदाहरण तसंच्या तसं वापरणार आहे. एक जोडून विचारते. चार-साडेचार वर्षांची, भरपूर बोलणारी पण "काका"ला "ताता" आणि "गाय"ला "दाय" म्हणणारी लेकरं अंगणवाडी ताई पाठवतात. यांनाही महिन्यातून एकदाच पाहून चालेल का? फुगे फुगवायला, मेणबत्ती विझवायला सांगितलेलं असतं, ते चालू ठेवायचं का?

---

मेळघाट_फेरी

फुगे, मेणबत्ती, जीभ बाहेर काढून गोल फिरवणं, सगळं बंद करा. फुंकर मारल्याने फुंकर मारणं सुधारतं, "क" येत नाही. टाळूच्या ऑपरेशननंतर नाकातून बोलणाऱ्या लेकरांनाही हेच लागू. त्यांच्यात टाळू पुरेसा बंद होतो का, हे सर्जनकडून पाहून घेणं जास्त महत्त्वाचं.

आधी लेकराला फरक ऐकू येतो का ते पाहा. "कार–तार", "गार–दार", "काप–ताप" अशा जोड्यांची चित्रं मांडा. तुम्ही म्हणा, त्याने उचलायचं. दहापैकी आठ बरोबर आले की बोलण्याकडे वळा. "क" काढायला उताणं झोपवा, जीभ आपोआप मागे पडते. तोंड उघडं ठेवून गुळण्या केल्यासारखा घशातला आवाज काढायला लावा. तरी जिभेचं टोक वर येत असेल तर चमच्याच्या दांडीने टोक हलकेच खाली धरून "क" म्हणायला लावा. मग का-की-कू, मग "काका, कान, काडी", मग "नाक, चाक", मग "माझा कान" अशी जोडी. एका पायरीवर दहापैकी आठ जमल्याशिवाय पुढची नाही.

यात संख्या महत्त्वाची. एका बैठकीत शंभर वेळा म्हणणं व्हायला हवं, पाच-दहा वेळा म्हणून उच्चार बदलत नाही. घरी शंभर चिंचोके आणि एक वाटी, एका शब्दाला एक चिंचोका, आठवड्यातून पाच दिवस. धाकटं भावंड रांगतं असेल तर चिंचोके उचलून ठेवण्याची जबाबदारी मोठ्या माणसाची. "र" साठी मात्र चार वर्षांच्या लेकराच्या मागे लागू नका, तो उशिराच येतो.

अडखळणाऱ्या लहान लेकराला "हळू बोल, श्वास घे, परत म्हण" हे घरच्यांनी म्हणू नये. घरच्यांनी स्वतः सावकाश बोलावं आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं. पाच वर्षांच्या आतली बरीच लेकरं आपोआप सुधारतात. पण अडखळणं वर्षभर टिकलं, साडेतीन वर्षांनंतर सुरू झालं, किंवा घरात आणखी कोणी अडखळत असेल, तर वाट पाहू नका.

---

घोट_घोट

लकव्याबद्दल लिहितो. आधी गिळणं, मग बोलणं. बोलायला उशीर झाला तर माणूस जिवंत असतो. पाणी फुप्फुसात जात राहिलं तर न्यूमोनिया होतो.

ओपीडीत तपासताना: पेशंट पूर्ण जागा, ताठ बसलेला, छाती साफ. आधी दोन-तीन चमचे पाणी, मग ९० मिली न थांबता प्यायला द्या. मध्येच थांबला, खोकला आला, किंवा मिनिटाभरात आवाज ओला-घरघरता झाला तर नापास. गुंगीत असलेल्या, नळी असलेल्या किंवा छाती भरलेल्या पेशंटला ही चाचणी करायची नाही, आणि घरच्यांनी तर ती कधीच करून पाहायची नाही. काहींना पाणी चुकीच्या वाटेने जाऊनही खोकला येत नाही. म्हणून वारंवार ताप, जेवणानंतर वाढणारा कफ, घटणारं वजन दिसलं तर "ठसका नाही" यावर विसंबू नका, मोठ्या दवाखान्यात गिळण्याची तपासणी करून घ्या.

घरच्यांना शिकवायचं ते हे. खाटेवर रेलून नाही, पाठीला भिंत किंवा गाठोडं लावून ताठ बसवून. लहान चमचा, अर्धा भरलेला, तोंडाच्या चांगल्या बाजूला. गळ्यातली घाटी वर जाऊन खाली आली की गिळलं. तोंड उघडून गालात साठलेलं नाही ना पाहायचं, मगच पुढचा चमचा. दर चार-पाच चमच्यांनी "आ" म्हणायला लावा. आवाज ओला आला की थांबा, खोकायला लावा, नुसतं गिळायला लावा. आवाज साफ झाला तर पुढे, नाही तर त्या वेळचं जेवण तिथंच बंद. जेवणानंतर अर्धा तास बसूनच. दिवसातून दोनदा दात, जीभ, गाल स्वच्छ करायचे, नळीवर असला तरीही, कारण घाण तोंडातली लाळ छातीत गेली की न्यूमोनियाची वाट मोकळी होते.

खाण्यात आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे पातळ वरणात चुरलेली भाकर. घरच्यांना ते "मऊ" वाटतं. पण त्यात दोन पोत आहेत: पाणी आधीच घशात धावतं आणि तुकडे तोंडात राहतात. दुधात भिजवलेले पोहे, रस्सा-भात, मुरमुरे, सगळ्यांचं तेच. हवं ते एकजीव: घोटलेली मऊ खिचडी, गुठळी नसलेलं घट्ट आंबील, घुसळलेलं दही, कुस्करलेलं केळं.

घट्टपणा रोज सारखा ठेवायचा तर दहा मिलीची सिरिंज द्या. ज्या सिरिंजचे शून्य ते दहाचे आकडे ६१.५ मिलीमीटर लांबीत बसतात तीच, पट्टी लावून पाहा. सुई काढून टाका, दांडा काढा, टोकाला बोट लावा, दहापर्यंत भरा, बोट सोडा आणि दहा सेकंदांनी पुन्हा लावा. किती उरलं ते वाचा. १ ते ४ मिली उरलं तर अगदी किंचित घट्ट, ४ ते ८ उरलं तर मध्यमाच्या अलीकडचं, ८ च्या वर उरलं तर बरंच घट्ट. काहीच खाली आलं नाही तर ते चमच्याने भरवण्याचं, पिण्याचं नाही. कोणाला कितवी पायरी हे तुम्ही ठरवून कागदावर लिहा. आंबील गार झालं की घट्ट होतं, म्हणून भरवायच्या वेळी मोजायचं, चुलीवरून उतरवताना नाही. आणि तोंडातला चमचा मोठ्या भांड्यात परत बुडवायचा नाही. लाळ पिठाला पातळ करते, अर्ध्या तासात तेच आंबील पाण्यासारखं होतं.

आता वाचेबद्दल. घरचे म्हणतात, "समजते सगळं, फक्त बोलता येत नाही." हे तपासल्याशिवाय मानू नका. हात किंवा नजर न हलवता सांगा, "डोळे मिटा." मग "आधी दाराकडे पाहा, मग छताकडे." पुष्कळदा कळतं की पेशंट आपल्या हावभावावरून ओळखत होता. समजण्यातच अडचण असेल तर घरच्यांनी छोटं वाक्य, एका वेळी एकच गोष्ट, वस्तू दाखवून बोलायचं. तो बहिरा झालेला नाही, ओरडून उपयोग नाही. "हो–नाही" उलटसुलट होतंय का तेही पाहा: "तुम्ही पुसदला राहता का?", "तुमचं नाव अमुक का?" असे उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारून.

शब्द काढायला घरी दिवसातून दोनदा वीस मिनिटं, त्याच्या रोजच्या वापराच्या दहा खऱ्या वस्तू घेऊन. वस्तू हातात द्या आणि दहा सेकंद थांबा. नाही आलं तर उपयोग सांगा: "यातून पाणी पितो." नाही आलं तर वाक्य अर्धं सोडा: "पाणी प्यायला द्या एक…" तरी नाही तर पहिला आवाज: "गि…" शेवटी सोबत म्हणा: "गिलास". पायऱ्या याच क्रमाने. घरचे थेट शेवटची पायरी घेतात आणि पेशंटला नुसती नक्कल करायची सवय लागते. एक ते दहा, सोमवार-मंगळवार, पाठ असलेली आरती, हे पुष्कळांना आपसूक येतं आणि घरच्यांना वाटतं बोली परत आली. त्याचा उपयोग तोंड चालू करायला करा आणि लगेच वस्तूंकडे वळा. आरती म्हणणाऱ्याला पाणी मागता येतंच असं नाही.

सोबत आठ-दहा फोटोंचा एक पुठ्ठा बनवून द्या: त्याच घरातला माठ, त्याचीच खाट, औषधाची पिशवी, लघवी, दुखतंय, मुलाचा फोटो. पहिल्या दिवसापासून द्या. पुठ्ठ्याने बोलणं मागे पडत नाही, माणसाची चिडचिड कमी होते. आणि "सहा महिने झाले, आता काही होणार नाही" असं कोणालाही सांगू नका. वेग पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, पण सुधारणा पुढेही होत राहते.

---

आलापल्ली_रस्ता

वरच्यात एक भर, ती जिवाशी आहे. घट्ट पाणी लोक कमी पितात. आपल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, घट्ट पाण्यावर ठेवलेला म्हातारा माणूस चार दिवसांत सुकतो. घरच्यांना लघवीचा रंग आणि दिवसातल्या वेळा पाहायला सांगा. गडद पिवळी, दिवसातून दोन-तीनदाच, किंवा माणूस सुस्त, तर त्याच दिवशी दवाखाना. घट्ट केलेलं पाणी दर तासाला थोडं, चमच्याने, नोंद ठेवून. आणि "हनुवटी छातीला लावून गिळा" हे सरसकट सगळ्यांना देऊ नका. काहींना त्याने अडचण वाढते. एका बाजूचा घसा लुळा असेल तर लुळ्या बाजूकडे मान वळवून गिळणं जास्त उपयोगी पडतं. कोणाला काय, हे तुमच्यासमोर गिळवून पाहिल्यावरच ठरवा.

आता खर्रा. आधी मोजा. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर साध्या पट्टीने, मिलीमीटरमध्ये, दर भेटीला त्याच दातांवर. मोठ्या माणसाची स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत, म्हणजे साधारण ४० मिलीमीटरच्या आसपास. २० च्या खाली असेल तर नुसत्या व्यायामावर ठेवू नका, दंत किंवा ईएनटी सर्जनकडे. तोंडात बोट घालून गाल चाचपा. पांढरट, चामड्यासारखे ताठ पट्टे लागतात. पडजीभ आखडलेली असेल तर पाणी नाकातून येणं आणि बोलणं नाकात जाणं त्यामुळेच. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल चट्टा किंवा गाठ दिसली तर व्यायाम बाजूला, थेट बायोप्सीसाठी पाठवा.

व्यायामाला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या, स्वच्छ उकळून वाळवलेल्या. दातांमध्ये जितक्या सहज बसतात तितक्यांची चळत ठेवायची, मग मधोमध एक काडी सरकवायची. ताण जाणवावा, कळ नको. तीस सेकंद धरायचं, सोडायचं, पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. आधी कोमट पाण्याच्या गुळण्या केल्या तर गाल सैल होतात. ती काडी ढिली वाटायला लागली की पुढची. पुढचे दात हलत असतील तर दाढांमध्ये, आळीपाळीने दोन्ही बाजूंना. ऑपरेशन झालं असेल तर सर्जनने सांगितलेल्या दिवसापासूनच, पण सांगितल्यावर एकही दिवस न चुकवता. ऑपरेशननंतर तोंड परत आखडतं ते बहुतेक व्यायाम सोडल्यानेच. काड्यांची संख्या कॅलेंडरवर लिहायला लावा, वाढ डोळ्यांना दिसली की माणूस टिकतो.

खर्रा चालू ठेवून काड्या लावणं म्हणजे एका हाताने उघडायचं आणि दुसऱ्याने बंद करायचं. त्यातली सुपारीच तोंड आखडवते. म्हणून "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो" याला सोडणं म्हणत नाहीत, हे स्पष्ट सांगा. तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर १८००-११-२३५६ कागदाच्या वर ठळक लिहा आणि तुमच्यासमोरच लावून द्या. खर्रा सुटल्यावरही घट्ट झालेले गाल पूर्ववत होत नाहीत, पण आखडणं पुढे जायचा वेग कमी होऊ शकतो. पंचविशीतल्या पोराला हे आत्ताच सांगायला हवं. पुढच्या भेटीवर ढकलू नका.

---

पैनगंगा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: वेचणीच्या दोन महिन्यांत जे येतच नाहीत त्यांच्यासाठी काय करता?

---

मेळघाट_फेरी

दसऱ्याच्या आधीच्या भेटीत दोन महिन्यांचं एकदम देतो, पण शब्द किंवा पायरी वाढवत नाही, तीच ठेवतो. काम बदलून देतो. कोंबड्यांऐवजी रानातलं: बोंडं वेचून लेकराच्या हातात, लेकराने गाठोड्यात टाकायचं, शब्द तेच: "दे", "अजून", "झालं". लेकरू आईबरोबर धुऱ्यावरच असतं, वेगळा वेळ काढावा लागत नाही. गावच्या आशाताईंना त्या घराचे पाच शब्द लिहून पाठवा. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयात दोन तास मोकळे ठेवा. वेचणीतही बाजाराला माणूस येतोच. गिळण्याच्या पेशंटला मात्र वेचणी असो की पेरणी, पंधरा दिवसांच्या आत फोन करून ताप, खोकला, लघवी आणि वजन, चारही विचारायचेच.